बाहुलीचा हात नेमका कुठे आहे?

#धागा

१/ न्यूयॉर्क, १९६४. जागतिक प्रदर्शनातील इलिनॉय राज्याच्या दालनात खुर्चीत बसलेले अब्राहम लिंकन उठून उभे राहतात आणि भाषण करू लागतात. लिंकन यांची हत्या होऊन तेव्हा ९९ वर्षे लोटली होती. मंचावर होता तो डिस्नेच्या कारागिरांनी घडवलेला यांत्रिक पुतळा.

२/ पुतळा हलवणे ही कला तोवर जुनी झाली होती. खरा पेच वेगळाच होता. उचललेला हात कुठवर आला आहे, हे हात उचलणाऱ्या यंत्राला कळावे कसे?

३/ जुन्या कारागिरांनी हा प्रश्न उद्भवूच दिला नव्हता. स्वित्झर्लंडमधील जाके-द्रो घराण्याने १७७४ मध्ये लोकांपुढे आणलेली ‘लेखक’ ही बाहुली आजही नशातेलच्या संग्रहालयात आहे. सुमारे ६,००० भागांची ही बाहुली टाक शाईत बुडवून ४० अक्षरांपर्यंतचा मजकूर लिहिते. तिच्या पाठीत चकत्यांची चळत आहे. चकतीची कड जिथे उंच, तिथे हात एका बाजूला जातो. जिथे खोलगट, तिथे दुसऱ्या. हाताची जागा धातूतच कोरून ठेवलेली असल्याने ती मोजण्याचे कारण नाही.

४/ गणेशोत्सवातील हलत्या देखाव्यांचे साधे तंत्र याच कुळातले. मोटरच्या चाकाला मध्यापासून दूर एक दांडा जोडला की काम झाले. मावळ्याची तलवार रात्रभर वरखाली होते, पण एकाच लयीत आणि एकाच उंचीपर्यंत. प्रसंग बदलायचा तर चाकच बदलावे लागते.

५/ हालचाल कुठवर झाली याचा निरोप यंत्राकडे परत नेण्याची युक्ती मात्र खेळण्यांतून आली नाही. ती आली एका अवाढव्य जहाजातून. ‘ग्रेट ईस्टर्न’चे सुकाणू माणसांच्या बळाने वळवणे फार जिकिरीचे होते. १८६६-६७ च्या सुमारास जॉन मॅकफार्लेन ग्रे यांनी त्यासाठी वाफेचे यंत्र बसवले. सुकाणूवाल्याने चाक फिरवले की वाफेची झडप उघडे आणि सुकाणू वळू लागे. सुकाणूची ती हालचालच उलट झडपेपर्यंत पोहोचे व हवा तो कोन साधताच झडप बंद करी.

६/ मुंबईकरांनी हे जहाज पाहिले होते. १८७० मध्ये मुंबईहून एडनपर्यंत समुद्रातून तारेची केबल टाकली ती याच ‘ग्रेट ईस्टर्न’ने. पुढे १८७३ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ फार्को यांनी अशा यंत्रांवर ग्रंथ लिहिला आणि त्यांना ‘सर्व्होमोटर’ म्हटले. आज दुकानात मिळणाऱ्या चिमुकल्या सर्व्होचे नाव तिथून आलेले आहे.

७/ आता पुन्हा डिस्नेकडे. १९६३ मध्ये खुल्या झालेल्या ‘टिकी रूम’मधील पक्ष्यांना या युक्तीची गरज नव्हती. ध्वनिफितीवरील विशिष्ट सुराने धातूची पट्टी थरथरे, तिने विद्युतमंडल जोडले जाई आणि हवेची झडप उघडे. चोच एक तर उघडी, नाही तर मिटलेली. अधलेमधले काही नाही, आणि पक्ष्याला तेवढे पुरतेही!

८/ माणसाला ते पुरत नाही. मान किती वळली, हात किती उचलला, यातच माणूसपण दिसते. म्हणून लिंकनसाठी कमीअधिक होणाऱ्या विद्युतदाबावर चालणारी पद्धत आली. त्या काळी वॉथेल रॉजर्स हे तंत्रज्ञ अंगावर एक सांगाडा चढवून अभिनय करीत. त्यांच्या सांध्यांच्या हालचालींचे विद्युत संकेत पुतळ्यापर्यंत जात. तरीही सुरुवातीच्या मानवी पुतळ्यांची चारही बोटे एकत्रच हलत, कारण प्रत्येक हालचालीसाठी नियंत्रणाची वेगळी वाट लागे.

९/ मोजमाप न करता मोटर केवळ घड्याळावर चालवली तर काय होते? वस्त्रांचे वजन, उतरलेली बॅटरी, घट्ट झालेले वंगण, या प्रत्येकाने अंतर बदलते. एका फेरीत १ अंशाची चूक त्याच दिशेने साठत गेली, तर ६० फेऱ्यांनंतर नमस्कार करणारा हात ६० अंश भरकटलेला असतो.

१०/ मायक्रोकंट्रोलर स्वस्त झाल्यावर या दुखण्यावरचा उपाय घरच्या टेबलावर आला. सांध्याच्या अक्षाला पोटेन्शिओमीटर, म्हणजे रेडिओचा आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणामागचा भाग, जोडायचा. कोन बदलला की त्याच्या मधल्या टोकावरील व्होल्टेज बदलते. २००५ मध्ये इटलीत जन्मलेल्या आर्डुइनोच्या सर्वपरिचित ‘ऊनो’ बोर्डावर हे व्होल्टेज ० ते १०२३ या आकड्यांत वाचले जाते. पोटेन्शिओमीटर २७० अंश फिरणारा असेल, तर एक आकडा म्हणजे सुमारे पाव अंश. हवा तो आकडा आणि आलेला आकडा यांतील फरक मिटेपर्यंत मोटर फिरवायची. मात्र थोडी चूक चालवून घ्यावी लागते. अचूकतेचा फार हट्ट धरला तर मोटर त्या बिंदूच्या पुढेमागे करत राहते आणि बाहुलीचा हात म्हातारपणाने कापावा तसा कापू लागतो.

११/ पोटेन्शिओमीटर घासून झिजतो. म्हणून प्रकाशावर चालणारे एन्कोडर आले. त्यांतही एक सापळा होता. नेहमीच्या द्विमान अंकनात ३ म्हणजे ०११ आणि ४ म्हणजे १००. तिन्ही अंक एकदम बदलतात. चकती नेमकी सीमेवर असताना वाचन झाले तर १११, म्हणजे ७, असेही दिसू शकते! बेल प्रयोगशाळेतील फ्रँक ग्रे यांना १९५३ मध्ये ज्या संकेतावर पेटंट मिळाले, त्यात शेजारच्या दोन संख्यांत एकच अंक बदलतो. ३ साठी ०१०, ४ साठी ११०. त्यामुळे चूक झालीच तर ती एका घराची.

१२/ स्वस्त एन्कोडर मात्र अशी संख्या सांगत नाहीत, फक्त सरकलेली घरे मोजतात. वीज गेली की मोजणी विसरली. अशा बाहुलीला वीज परत आल्यावर आधी हात हळूहळू एका टोकाकडे न्यावा लागतो. तिथला बारीकसा स्विच दाबला गेला की ते शून्य, आणि खेळ तिथून पुढे सुरू. पाहणाऱ्याला वाटते, बाहुली झोपेतून उठून आळस देत आहे.