हरल्याचा भुर्दंड

पनवेलजवळच्या कोन गावात एमएमआरडीएने भाड्याच्या घरांच्या योजनेत उभारलेल्या इमारती आहेत. त्यांतल्या 2,417 घरांची सोडत म्हाडाने 2 डिसेंबर 2016 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी काढली. घर 320 चौरस फुटांचे, किंमत 6 लाख, आणि चाव्या हातात पडायला पुढे कित्येक वर्षे गेली. ज्यांच्या गिरण्यांत या माणसांनी साचे चालवले, त्या मालकांपैकी काहींनी खेळाचे संघही बाळगले होते. मालक संघ पाळतो तो नफ्यासाठी की जिंकण्यासाठी, हा वाद आयपीएलच्या लिलावात दरवर्षी रंगतो आणि दरवर्षी मालकांच्या स्वभावापाशी येऊन अडतो: अमका हौशी, तमका धंदेवाईक. जिंकायला कोणाला आवडत नाही? त्यापेक्षा हरल्यावर मालकाच्या खिशातून काय जाते, हे पाहावे. मुंबईतल्या संघांचा इतिहास त्या हिशेबाने बराच उलगडतो.

1930 च्या दशकापासून मुंबईच्या कचेऱ्या, बँका आणि कारखाने टाइम्स शील्ड या क्रिकेट स्पर्धेसाठी झुंजत आले. मफतलालकडून अशोक मांकड, निरलॉनकडून सुनील गावसकर, स्टेट बँकेकडून अजित वाडेकर, अशी कसोटीवीरांची नावे कंपन्यांच्या कागदावर नोकरदार म्हणून लागलेली असत. या स्पर्धेला ना तिकीट होते, ना प्रक्षेपणाचे हक्क. मैदानाच्या कडेला उभे राहून कोणीही फुकट सामना पाहावा. कंपनीच्या जमाखर्चात संघ म्हणजे निव्वळ खर्च: खेळाडूचा पगार, सरावाला लवकर सुटका, सामन्याच्या दिवशी कामावर नसतानाही हजेरी. बदल्यात मिळायचे एवढेच, की जिंकलो तर दुसऱ्या दिवशी पेपरात नाव. (स्पर्धा भरवणारा आणि बातमी छापणारा पेपर एकच, ही सोय विसरू नये.) हरलो तर तेही नाही, आणि फारच हरलो तर खालच्या गटात घसरण. जिंकण्यावाचून दुसरे काही मिळण्यासारखे नव्हते, म्हणून मालक जिंकण्यासाठी खर्च करी. संस्थानिकांचे गणितही असेच होते. यशवंतराव होळकरांच्या इंदूर संघाने सी. के. नायडूंच्या पदरी जबाबदारी टाकून 1945-46 ते 1952-53 या काळात चार वेळा रणजी करंडक नेला. त्याआधी 1945 च्या अंतिम सामन्यात त्यांनी लष्करी नोकरीनिमित्त महूला असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टनही खेळवला. तो 249 धावांवर नाबाद राहिला आणि होळकर मुंबईपुढे तरीही हरले. त्या पराभवाचा भुर्दंड होता तो प्रतिष्ठेचा, आणि दरबारात तो पैशाहून जड.

2008 मध्ये हा हिशेब उलटा झाला. आयपीएलच्या प्रक्षेपणाच्या पैशातला मोठा वाटा संघमालकांमध्ये बहुतांशी सारखा वाटला जातो. 2023 ते 2027 साठीचे हे हक्क 48,390 कोटींना गेले. खेळाडूंवर किती खर्चायचे याला सर्वांना एकच मर्यादा, 2025 साठी 120 कोटी. वर कोणी खालच्या गटात उतरत नाही, कारण खालचा गटच नाही. म्हणजे पहिला चेंडू पडण्याआधीच जमा आणि खर्च दोन्ही जवळपास ठरलेले. पहिल्या लिलावातला सर्वांत स्वस्त राजस्थानचा संघ पहिल्याच वर्षी जिंकला. बंगळुरूला पहिल्या सतरा हंगामांत एकदाही करंडक मिळाला नाही, पण चाहते आणि जाहिरातदार हटले नाहीत. मुंबईने पाच करंडक नेले ते मालकांना जिंकायची हौस होती म्हणून, असे म्हणता येईल, आणि ते खोटेही नाही. पण इथे हौस ही हौसच राहते. हरणाऱ्या शेजाऱ्याच्या संघाची किंमतही त्याच सुमारास फुगत होती.

यावर पुण्याचे उदाहरण कोणी पुढे करील. सहाराने 2010 मध्ये 37 कोटी डॉलरना घेतलेला संघ 2013 मध्ये बंद पडला, मग नुकसान होत नाही कसे म्हणता? पण तो मोडला फ्रँचायझी शुल्काच्या भांडणातून. शेवटचा नंबर आला म्हणून कोणी संघ गमावला नाही. माझ्या म्हणण्याला खरी पुष्टी मिळते ती पुण्याच्याच दुसऱ्या संघातून. 2016 आणि 2017 या दोनच हंगामांसाठी बोली उलटी लागली: क्रिकेट मंडळाकडून मिळणारा हिस्सा सोडून वर वर्षाला 16 कोटी द्यायला तयार झालेल्या मालकाला संघ मिळाला. हाती ना कायमची मालमत्ता, ना वाटणीचा पैसा. जुन्या गिरणीमालकासारखीच अवस्था, आणि वागणेही तसेच अधीर. पहिला हंगाम वाईट गेल्यावर महेंद्रसिंह धोनीचे कप्तानपद काढून स्टीव्ह स्मिथला दिले गेले, आणि पुढच्या अंतिम सामन्यात पुणे मुंबईकडून एका धावेने हरले. धोनीसारख्याला बाजूला करण्याची हिंमत पराभव झोंबल्याशिवाय होत नसते.

मग जुने मालक बरे होते का? तसे म्हणवत नाही. खर्चाच्या बाजूला लिहिलेली गोष्ट एका सहीने कापता येते. महिंद्र युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, आणि 2010 मध्ये कंपनीने संघच मोडला; करंडकाने तो वाचला नाही. उलट नफ्याच्या आशेवर उभ्या राहिलेल्या प्रो कबड्डीत 2023 च्या लिलावात एका चढाईपटूवर 2 कोटी 60 लाखांची बोली गेली. गिरणगावात कामगार कल्याणाच्या स्पर्धांत घाम गाळणाऱ्या पिढीला तो आकडा थट्टाच वाटला असता. पण त्या पिढीला एक गोष्ट मिळत होती जी लिलावात मिळत नाही: गुडघा गेला तरी खात्यात काम राही. गिरणी चालू होती तोवर. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली, आणि मालकाला संघापेक्षा, कापडापेक्षाही, जागा फायद्याची ठरली. कोनच्या सोडतीसाठी पात्रता ठरली ती 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या हजेरीपटावर नाव होते का, यावर. मैदानावर गेलेल्या दिवसांची हजेरीही त्याच पटावर लागत असे.