जनरल कॉलिन पॉवेल : पदके, प्रतिनिधित्व आणि राजीनामा

"अंगात कर्तबगारी असेल तर माणूस वर येतोच, आरक्षण कशाला?" हा प्रश्न आपल्याला नेहमी ऐकावा लागतो. असे विचारणाऱ्यांना अमेरिकेच्या जनरल कॉलिन पॉवेल यांचा इतिहास सांगा. पण तो अर्धाच सांगू नका.

पॉवेल यांचा जन्म १९३७ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत झाला. आईवडील जमैकाहून आलेले कष्टकरी. १९५८ साली ते सैन्यात अधिकारी झाले. व्हिएतनाममध्ये जखमी झाले म्हणून त्यांना 'पर्पल हार्ट' मिळाले. पुढे पेटत्या हेलिकॉप्टरमधून सहकाऱ्यांना ओढून काढल्याबद्दल 'सोल्जर्स मेडल' मिळाले.

युद्धावरून परतलेल्या याच अधिकाऱ्याने १९६४ साली जॉर्जिया राज्यात एका दुकानात हॅम्बर्गर मागितला, तेव्हा "मागच्या खिडकीवर या" असे उत्तर मिळाले. ही मागची खिडकी आपल्याला नवी आहे का? ते न खाताच निघून गेले. त्याच वर्षी नागरी हक्क कायदा झाला आणि पॉवेल त्याच दुकानात जाऊन खाऊन आले. काही महिन्यांत दुकानदाराचे मन बदलले नव्हते. कायदा बदलला होता!

क्लिफर्ड अलेक्झांडर हे अमेरिकी भूसेनेचे पहिले कृष्णवर्णीय मंत्री. बढतीच्या यादीत कृष्णवर्णीय कर्नल नाहीत हे पाहून त्यांनी यादी परत पाठवली होती. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७९ साली, पॉवेल ब्रिगेडियर जनरल झाले. १९८९ मध्ये ते सैन्याच्या सर्वोच्च पदावर, जॉइंट चीफ्स ऑफ स्टाफच्या अध्यक्षपदी पोहोचले. २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. दोन्ही पदांवर ते पहिले कृष्णवर्णीय होते. गुणवत्ता त्यांचीच होती, पण दार उघडायला धोरण लागले.

आता उरलेला अर्धा इतिहास. जानेवारी २००३ मध्ये मिशिगन विद्यापीठातील प्रवेशाच्या वादात पॉवेल यांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्याविरुद्ध उघड भूमिका घेऊन वंचितांना झुकते माप देणाऱ्या धोरणाची बाजू घेतली. इराक युद्धाच्या परिणामांबद्दलही त्यांनी बुश यांना खासगीत सावध केले होते. तरीही ५ फेब्रुवारी २००३ रोजी त्यांनीच संयुक्त राष्ट्रांत इराककडे महासंहारक शस्त्रे असल्याचे ठासून सांगितले. लोकांचा विश्वास त्यांच्यावर होता, म्हणूनच हे काम त्यांच्याकडे आले. युद्ध झाले, माणसे मेली, शस्त्रसाठे सापडलेच नाहीत. ते भाषण आपल्या कारकिर्दीवरील डाग आहे, हे त्यांनी २००५ मध्ये कबूल केले. पण राजीनाम्याची वेळ केव्हाच निघून गेली होती.

बाबासाहेबांनी १९५१ साली हिंदू कोड बिलासह अनेक प्रश्नांवर कायदामंत्रिपद सोडले. खुर्चीपेक्षा भूमिका मोठी, हे त्यांनी करून दाखवले.

तरुण मित्रांनो, खुर्ची मिळवण्यासाठी लढलेच पाहिजे. पण आपला माणूस तिथे बसल्यावर कोणाची भाषा बोलतो, हेही विचारले पाहिजे. नाहीतर आपल्या प्रतिनिधीचा चेहरा आपला आणि शब्द मात्र दुसऱ्याचे, अशी गत होईल.

जय भीम!