सोंगाचा आनंद : ‘कालिया मर्दन’ (१९१९) आणि पडद्यावरील राक्षस

दादासाहेब फाळके यांच्या चित्रपटांविषयीच्या लेखनात प्रेक्षकांच्या भाविकतेच्या हकिकती हटकून येतात. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) पडद्यावर राम दिसू लागताच लोक पादत्राणे काढून ठेवीत, बाळकृष्ण दिसताच दंडवत घालीत, असे सांगितले जाते. या हकिकती खोट्या ठरविण्याचे कारण नाही. परंतु त्यांच्या आधारे मूकपटांच्या काळातील मराठी प्रेक्षकाची जी प्रतिमा रूढ झाली, ती मात्र तपासून पाहावी अशी आहे. यंत्राची करामत आणि देवाची लीला यांतला भेद न कळणारा भाबडा श्रोतृसमाज, अशी ती प्रतिमा. तिच्यात एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलेली असते. फाळके यांच्या चित्रपटांत जितके देव आहेत तितकेच राक्षस आहेत : ‘मोहिनी भस्मासुर’मधील (१९१३) भस्मासुर, ‘लंकादहन’मधील रावण, ‘श्रीकृष्ण जन्म’मधील (१९१८) कंस आणि ‘कालिया मर्दन’मधील (१९१९) कालिया. देवापुढे हात जोडणारा हा प्रेक्षक राक्षसापुढे काय करीत होता? तो केवळ भ्याला असे म्हणावे, तर राक्षस पाहण्यासाठी तो पैसे मोजून पुन्हा पुन्हा का येत होता, याचा उलगडा होत नाही.

फाळके यांची जडणघडण या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म त्र्यंबकेश्वरचा, ३० एप्रिल १८७० चा. मुंबईची जे. जे. कलाशाळा आणि बडोद्याचे कलाभवन येथे त्यांचे शिक्षण झाले. छायाचित्रण, शिलामुद्रण, नेपथ्यरंगाई असे अनेक उद्योग त्यांनी केले. चरित्रकार या यादीत आणखी एका उद्योगाचा उल्लेख ओझरता करून पुढे जातात. तो म्हणजे जादूचा. एका जर्मन जादूगाराकडून ही विद्या शिकून फाळके आपले आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ या नावाने प्रयोग करीत. नाव उलटे करण्याचा हा खेळकरपणा क्षुल्लक मानू नये. जादूगार आपल्याला फसविणार हे जादूच्या प्रयोगाला येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि फसवणूक नीट वठली नाही तर तोच प्रेक्षक चिडतो. पुजारी आणि जादूगार दोघेही विस्मय निर्माण करतात. मात्र दोघांशी प्रेक्षकाचा होणारा करार वेगळा असतो. फाळके यांच्याकडे दोन्ही करार होते. ‘चित्रपट कसे तयार करतात’ हे दाखविणारा एक लघुपट त्यांनी १९१७ मध्ये काढला, आणि त्याच सुमारास ‘नवयुग’ मासिकात भारतीय चित्रपटाविषयी लेखमाला लिहिली. आपली गुपिते राखून भाविकांना दिपवून टाकण्याचाच ज्याचा हेतू असेल, तो माणूस स्वतःच्या कारखान्याचे दार असे उघडे टाकणार नाही.

हे उघडे दार ‘कालिया मर्दन’मध्ये प्रत्यक्ष चित्रपटाच्या आरंभीच दिसते. हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीसाठी नाशिक येथे तयार झालेल्या या मूकपटाचा मोठा भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जतनकार्यामुळे आज पाहता येतो. कथा सुरू होण्यापूर्वी पडद्यावर येते ती फाळके यांची कन्या मंदाकिनी. कृष्ण म्हणून नव्हे, मुलगी म्हणून. लहान मुलीचा हा मुद्राभिनय आहे अशा आशयाची पाटी दाखविली जाते, आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून ती एकामागून एक भाव दाखवू लागते. हसते, रुसते, चकित होते. मग त्याच चेहऱ्यावर हळूहळू कृष्णाचा साज उमटतो आणि मुलगी कृष्ण होते. नाटकाच्या भाषेत बोलायचे तर रंगपटातली तयारी रंगमंचावर आणून दाखविली गेली. पुढे यमुनेत उडी घेणारा हा कृष्ण नाशिकच्या फाळक्यांची मुलगी आहे, हे ज्ञान प्रेक्षकाला आधीच देऊन ठेवलेले आहे. त्याला ते विसरायला सांगितलेले नाही.

चित्रपटाचा पुष्कळसा भाग गोकुळातील खोड्यांनी व्यापला आहे. निजलेल्या शेजाऱ्याची दाढी आणि त्याच्या बायकोचे केस एकमेकांना बांधून ठेवणारा कृष्ण हा पुराणापेक्षा आळीतल्या पोराला अधिक जवळचा. या खोडकर वातावरणातच कालियाचा प्रवेश होतो, आणि तो प्रवेश खोडीचाच मोठा अवतार वाटतो. कृष्ण पाण्यात उडी घेतो, पाण्याखाली तो आणि नाग यांची झुंज चालू असते, मध्येच चित्र काठावर जाते, तेथे गोकुळवासी आक्रोश करीत असतात, पुन्हा पाण्याखाली. काठ आणि तळ यांचे हे आलटूनपालटून दर्शन चित्रपटभाषेचा प्रारंभिक आविष्कार म्हणून अभ्यासकांनी नावाजले आहे, आणि ते योग्यच आहे. येथे लक्षात घ्यावयाचे ते निराळेच. काठावरच्या लोकांना कृष्णाचे काय झाले हे दिसत नाही, प्रेक्षकाला दिसते. भयाचा सगळा भार काठावरच्या पात्रांवर टाकला आहे आणि प्रेक्षकाच्या वाट्याला उरला आहे तो नाग पाहण्याचा आनंद. तो नाग कृत्रिम आहे हे आजच्या डोळ्याला चटकन कळते. १९१९ च्या डोळ्याला कळत नव्हते असे मानण्याला कसलाही आधार नाही. ज्याने गणपतीच्या आराशीत हलती चित्रे पाहिली आणि जत्रेत कळसूत्री बाहुल्या पाहिल्या, त्याला बनावट फणा ओळखू न येण्याइतका तो अडाणी खचितच नव्हता. शेवटी कृष्ण फणेवर नाचत वर येतो तेव्हा देव जिंकल्याचे समाधान आणि करामत साधल्याचे समाधान ही दोन्ही एकाच टाळीत मिसळलेली असतात.

याच काळात अमेरिकेत विन्सर मकाय याने ‘गर्टी’ (१९१४) हा रेखाचित्रपट केला. त्याच्या आरंभी व्यंगचित्रकारांत पैज लागते, चित्रांचे ढीगच्या ढीग काढले जातात, आणि नंतर त्या चित्रांतून डायनासोर चालू लागतो. फाळके यांनी तो पाहिला होता की नाही हा प्रश्न येथे गौण आहे. एकमेकांपासून दूर असलेल्या दोन कलावंतांना राक्षसी प्राणी दाखविण्याआधी त्याची बनावट दाखवावीशी वाटली, हे साम्य प्रभावाच्या प्रश्नापेक्षा अधिक बोलके आहे. टॉम गनिंग यांनी १९८६ मध्ये आरंभीच्या चित्रपटाला ‘आकर्षणांचा चित्रपट’ म्हटले : कथेत गुंतविण्यापेक्षा दाखविण्यात रमणारा, प्रेक्षकाकडे सरळ पाहणारा. मंदाकिनीचे कॅमेऱ्याकडे पाहणे या वर्णनात चपखल बसते. कोलरिजने १८१७ मध्ये मांडलेली, अविश्वास स्वेच्छेने बाजूला ठेवण्याची कल्पना मात्र येथे अपुरी पडते. या प्रेक्षकाने अविश्वास बाजूला ठेवलेलाच नाही; तो शेजारी बसवून घेतला आहे.

भारतीय नाट्यविचारात या अनुभवाला जागा आहे, आणि ती अनपेक्षित ठिकाणी आहे. रसचर्चेत भयानक आणि अद्भुत यांवर पुष्कळ लिहिले गेले. परंतु नाट्यशास्त्रातील आहार्याभिनयाच्या प्रकरणाकडे साहित्याचे अभ्यासक सहसा वळत नाहीत. भरताने आहार्याचे पुस्त, अलंकार, अंगरचना आणि संजीव असे चार भाग केले. पुस्त म्हणजे रंगभूमीसाठी बनविलेल्या प्रतिकृती. त्यांतला ‘व्याजिम’ हा प्रकार यंत्राच्या साह्याने हालणाऱ्या वस्तूंचा. संजीव म्हणजे प्राण्यांचा रंगप्रवेश. ‘व्याज’ या शब्दातच बतावणीचा अर्थ आहे; शास्त्रकाराने ती लपविली नाही, तिला नाव दिले. भासाच्या नावावर असलेल्या ‘बालचरिता’त अरिष्ट वृषभ आणि कालिया हे दोघेही रंगमंचावर येतात, कालिया तर बोलतोही. हा कालिया रंगमंचावर आणायचा तर पुस्त किंवा अंगरचना यांना पर्याय नव्हता. फाळके यांचा नाग या परंपरेतील यंत्रयुगातला वंशज ठरतो. येथे अनुकरणाचा दावा नाही, गरज तीच होती आणि उपायही त्याच जातीचा.

मराठीत या सर्वाला एक साधा शब्द आहे : सोंग. सोंग घेतात, आणतात, ते वठते किंवा फसते. मुखवटा आणि माणूस या दोघांचे भान एकाच वेळी ठेवल्याशिवाय या क्रियापदांना अर्थच राहत नाही. जव्हार-मोखाड्याच्या परिसरातील बोहाड्यात रात्रभर देवदैत्यांची सोंगे मुखवटे घालून नाचत येतात. मुखवट्यामागचा माणूस गावचाच असतो आणि तो कोण हे गावाला माहीत असते. कोकणातल्या दशावताराच्या पूर्वरंगात वेद पळविणारा संकासुर काळ्या वेषात, लाल जीभ लोंबवीत येतो आणि मालवणीत असे काही बोलतो की पोरे एका क्षणी आईला बिलगतात आणि दुसऱ्या क्षणी खिदळतात. येथे भयाचा पाठलाग हास्य करते. भरताने भयानकाची उत्पत्ती बीभत्सापासून सांगितली. संकासुराने ती वाट मोडून हास्याशी सोयरीक केली, असे म्हणायला हरकत नाही. (सर्व सोंगे आणता येतात, पैशाचे आणता येत नाही, ही म्हण फाळके यांच्या उत्तरायुष्यास दुर्दैवाने तंतोतंत लागू पडली.)

सोंगाची जाणीव पुसली गेली की काय होते याचे उदाहरण लगेच पुढच्या वर्षी मिळते. बाबूराव पेंटर यांच्या ‘सैरंध्री’तील (१९२०) कीचकवध इतका खरा वाटला की ते दृश्य पुढे काढून टाकावे लागले. कोल्हापूरच्या या थोर कलावंताची वास्तवावरील पकड निर्विवाद होती. परंतु तेथे खेळाला जागा उरली नाही. राक्षस पाहण्याची गंमत खरेपणाच्या प्रमाणात वाढत जाते हा समज म्हणूनच फसवा आहे. फ्रिट्स लांग यांच्या ‘सीगफ्रीड’मधील (१९२४) अजस्र ड्रॅगन आत बसलेली माणसे चालवीत, ‘गोजिरा’त (१९५४) हारुओ नाकाजिमा जड पोशाखात शिरून तोक्यो तुडवीत होते. हे प्राणी आजही पाहवतात ते त्यांच्या वजनामुळे. पोशाखातल्या माणसाला चालताना होणारा त्रास प्राण्याच्या चालीत उतरतो आणि तोच त्याचा जिवंतपणा ठरतो. मुंबईच्या रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मधील (१९८४) सामरी याच जातीचा. अनिरुद्ध अग्रवाल यांची उंची आणि चेहरेपट्टी हीच तेथली मुख्य करामत होती, रंगभूषा तिला पूरक. समीक्षेने या चित्रपटांची टवाळी केली. टवाळी प्रेक्षकही करीत होता, पण तिकीट काढून.

मराठी पडद्यावर सोंगाचे हे तर्कशास्त्र पूर्णत्वाने परतले ते महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मध्ये (१९९३). ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या अमेरिकी चित्रपटाशी त्याचे नाते उघड आहे. एवढे सांगून अभ्यासक सहसा थांबतात. मूळ चित्रपटातील बाहुला हा दुकानात मिळणारा खेळणा आहे. मराठीत मात्र नायक लक्ष्या बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचा वेडा आहे. हा फरक निर्णायक ठरतो. बाहुलीचे ओठ कोण हलवतो आणि आवाज कोठून येतो हे कथेतच प्रेक्षकापुढे मांडलेले असते. त्यानंतर तात्या विंचूचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि कोणीही हलवीत नसताना ती बोलू लागते. मंदाकिनी आधी, कृष्ण नंतर, हाच तो क्रम. पडद्यामागेही तेच : बाहुला घडविणारे आणि चालविणारे रामदास पाध्ये हे ‘अर्धवटराव’कर्ते शब्दभ्रमकार य. के. पाध्ये यांचे पुत्र, आणि आवाज दिलीप प्रभावळकर यांचा. प्रोफेसर केळफांच्या नंतर पाऊण शतकाने मराठी राक्षस पुन्हा एका रंगमंचीय करमणूककाराच्या हातून जन्माला आला. लक्ष्मीकांत बेर्डे यांची त्रेधा आणि बाहुल्याची शिवराळ ऐट यांत संकासुर आणि सूत्रधार यांच्या संवादाची लय ऐकू येते.

‘झपाटलेला २’ (२०१३) त्रिमितीत निघाला. तोवर संगणकावर हवा तो प्राणी उभा करणे मराठी निर्मात्याच्याही आवाक्यात येऊ लागले होते. तरीही तात्या विंचू बाहुलाच राहिला, आणि तो चालविण्यासाठी पुन्हा पाध्ये यांनाच बोलावण्यात आले.