तासांचे माप, भाराचे माप

१९९५ सालच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगम ह्या त्या वेळच्या सरकारी कंपनीने इंटरनेटचे दार सामान्य ग्राहकास उघडले. प्रारंभी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ह्या शहरांपुरतीच ही सोय होती. सर्वसाधारण ग्राहक काही हजार रुपये भरून २५० तास विकत घेई आणि मग ते कंजूषाच्या काळजीने खर्च करी. टेलिफोनचे बिल त्यावर निराळे. मोडेम किंचाळू लागला की घरातल्या कोणाचे तरी लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे जाई. तेवढा वेळ फोनही अडलेला राही. माप होते ते वेळेचे. पत्र वाचा की चित्र उतरवा, घटका सारखीच मोजली जाई.

नोव्हेंबर १९९८ मध्ये ही मक्तेदारी संपली, खाजगी कंपन्या पुढे आल्या आणि दर उतरू लागले. ह्या काळाची एक गोष्ट पुढे पुष्कळांच्या विस्मरणात गेली. घरात येणारी तार एकाच टेलिफोन खात्याची असली, तरी तिच्यावरून नंबर कोणत्या कंपनीचा फिरवायचा हे ग्राहकाच्या हाती होते. सोमवारी एकीचे तास संपले, तर मंगळवारी दुसरीचे घेता येत.

ब्रॉडबँड आले आणि ही सोय गेली. ऑक्टोबर २००४ च्या धोरणाने सेकंदास २५६ किलोबिट ही ब्रॉडबँडची किमान गती ठरविली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा इतर कंपन्यांनाही भाड्याने वापरू द्याव्यात, अशी शिफारस केली होती. धोरणाने ती सक्तीची केली नाही. तार ज्याची, ग्राहकही त्याचाच, असा न्याय त्यामुळे रूढ झाला. ह्या एका नकाराची किंमत घरोघरी किती वर्षे मोजावी लागली, ह्याचा हिशेब कोणी मांडला नाही.

माप आता वेळेऐवजी भाराचे झाले. भारत संचार निगमच्या २५० रुपयांच्या योजनेत महिन्याचा शिधा होता ४०० मेगाबाइटचा. एका सीडीत ७०० मावतात! त्यापुढे दर मेगाबाइटला पैसे पडत. न पाहिलेल्या जाहिरातींचा आणि संगणकाने आपल्या आपण उतरवून घेतलेल्या दुरुस्त्यांचा भारही ग्राहकाच्याच खात्यावर चढे. ५०० रुपयांच्या योजनेत मात्र रात्री दोनपासून सकाळी आठपर्यंत मोजणी बंद असे. तेव्हा विद्यार्थी गजर लावून दोनला उठत, संगणक कामाला लावत आणि पुन्हा झोपत. गरजू माणूस मर्यादेतही वाट शोधतो. पण ज्याला रात्र जागणे शक्य नव्हते, त्याचे काय?

मर्यादेला कारण अगदीच नव्हते असे नाही. परदेशाशी जोडणारी वाहिनी महाग होती. २००३ मध्ये देशांतर्गत विनिमय केंद्रे सुरू होण्यापूर्वी, भारतातल्याच दोन कंपन्यांच्या ग्राहकांतील निरोप पुष्कळदा परदेशी फेरी मारून येई. हे कारण हळूहळू सौम्य झाले. मर्यादा मात्र राहिली, नाव बदलून. ‘न्याय्य वापर’ ह्या गोंडस नावाखाली ठरावीक भारानंतर पैसे न वाढता गती उतरू लागली. ती किती उतरते हे ग्राहकास आधी सांगा, असे प्राधिकरणाने जुलै २०१२ मध्ये बजावले. २०१६ मध्ये ह्या उतरलेल्या गतीला ५१२ किलोबिटांचा तळ घालून दिला.

खरा बदल घडला तो घरात दुसरी तार शिरली तेव्हा. आधी गल्लीतला केबलवाला आला. मागून काचतंतू घेऊन मोठ्या कंपन्या आल्या. रिलायन्स जिओने सप्टेंबर २०१९ मध्ये घरगुती सेवा मांडली, तीत ६९९ रुपयांच्या योजनेला १०० गिगाबाइटची मर्यादा होती. वर्ष भरण्याच्या आत, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, त्याच कंपनीने ३९९ रुपयांपासून ‘अमर्याद’ योजना जाहीर केल्या. मर्यादेचा आकडा अटींत होताच: महिन्याला ३,३०० गिगाबाइट.