अडीच रुपयांची नोट

आहेराच्या पाकिटातून एकशे एक रुपये निघाले आणि वरचा एक रुपया कोरा करकरीत कागदी असला, की घरात लहानसा वाद उभा राहतो. कोणी म्हणते, नोट ती नोट, भाजीला द्या. कोणी ती मुकाट्याने पोथीत ठेवून देते. क्वचित दिसणारी नोट खर्चावी की राखावी, हा प्रश्न आपल्याकडे एकदा साऱ्या देशापुढे आला होता. त्या वेळी लोकांनी दिलेले उत्तर मोठे मौजेचे आहे.

पहिल्या महायुद्धात चांदी महागली. तेव्हाचा रुपया 180 ग्रेनांचा, म्हणजे एक तोळ्याचा. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी. सरकारी दराने त्याचे मोल 16 पेन्स. लंडनला चांदी औंसामागे 43 पेन्सांच्या वर गेली, की रुपया चालवण्यापेक्षा आटवणे किफायतीचे ठरे. 1917 साली भावाने ही रेषा ओलांडली. नाणी वितळवण्यास आणि परदेशी धाडण्यास बंदी झाली. तरी टांकसाळीतून गेलेला रुपया खजिन्यात परतेना. अखेर 30 नोव्हेंबर 1917 रोजी सरकारने एक रुपयाची नोट काढली, आणि पाठोपाठ 1918 च्या जानेवारीत दोन रुपये आठ आण्यांची. तोवर पाचाहून लहान नोट या देशाने पाहिली नव्हती. अडीच रुपये म्हणजे पाचाचे अर्धे आणि दहाचे पाव; हिशेबाला सोयीचे, पण हाताला अनोळखी.

ज्या समाजात बंदा रुपया फरशीवर वाजवून घेण्याची रीत, तिथे हा कागद वाजवावा कसा? एक रुपयाच्या नोटेवर पंचम जॉर्जच्या चांदीच्या रुपयाचेच चित्र छापले होते. कागदाने नाण्याची ओळख सांगत फिरावे, ही सरकारचीच कबुली म्हणायची! लोकांनी शहाणपणाने चांदी गाडग्यात पुरली आणि कागद लगोलग पुढे ढकलला. काही ठिकाणी तो बट्ट्याने चाले. चांदीची ओढ इतकी होती, की 1918 मध्ये अमेरिकेने कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे 20 कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी विकली.

छपाईचा खर्च परवडेना म्हणून 1 जानेवारी 1926 पासून या दोन्ही नोटा काढणे बंद झाले. एक रुपयाची नोट 1940 साली दुसऱ्या युद्धाने परत आणली; अडीचची मात्र पुन्हा आली नाही. आज पंचम जॉर्जचा रुपया पुष्कळ सराफांकडे सहज मिळतो, कारण तो सर्वांनीच जपला. अडीच रुपयांच्या नोटेसाठी मात्र संग्राहक मोठी रक्कम मोजतात, कारण ती जवळजवळ सर्वांनी खर्चून टाकली. जपण्याजोगी वस्तू कोणती, हे त्या काळी एकालाही कळले नसेल; आणि कळून सर्वांनीच ती जपली असती, तर तिला आज कोण विचारते?

मोठ्या नोटांची गोष्ट निराळी. 12 जानेवारी 1946 च्या वटहुकुमाने पाचशे, हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. सुमारे 144 कोटी रुपयांच्या नोटांपैकी 9 कोटींच्या आसपास परतल्याच नाहीत. 1954 मध्ये हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा आल्या. पाच हजारांच्या नोटेवर आपल्या मुंबईचे गेटवे ऑफ इंडिया होते. 16 जानेवारी 1978 रोजी त्यांचेही चलन संपले. नोट हे देणे आहे; ती राखणारा सरकारला बिनव्याजी उधार देतो, आणि ते उधार एका रात्रीत बुडू शकते. दोन हजारांची नोट 19 मे 2023 रोजी मागे घेताना तिचे कायदेशीर चलनत्व कायम ठेवले गेले, एवढे तिच्या धन्याचे भाग्य.

म्हणून माझे मत असे, की मोठी नोट बँकेत न्यावी आणि लहान एखादी खुशाल ठेवावी. एखादीच, शंभरांची गड्डी बांधून बसणारा छंद करीत नसतो, सट्टा करीत असतो. एक रुपयाच्या नोटेची छपाई 1994 मध्ये थांबली आणि 2015 मध्ये पुन्हा सुरू झाली. इतर नोटांवरचे रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांचे वचन तिच्यावर नसते. ती भारत सरकारची, आणि सही वित्त सचिवांची. आहेरातली ती नोट आमच्या पोथीत अजून आहे. भाजीवाल्याला मी दुसरा रुपया दिला.