पूर ओसरतो, ओल मुरते

वरकुटे इंदापूर तालुक्यात येतं. हा पट्टा अवर्षणाचा, टँकरची वाट बघत जगलेला. तरी १४ ऑक्टोबर २०२०च्या अतिवृष्टीत याच तालुक्यात ओढ्यांना पूर आले, घरांत पाणी शिरलं. अशा वेळी सगळे म्हणतात, "निसर्गापुढं कुणाचं चालतंय?" मित्रांनो, हे अर्धसत्य आहे. पाऊस निसर्ग पाडतो. ओढ्याकाठी कोणाची वस्ती असावी हे निसर्ग ठरवत नाही.

१९४३ साली बंगालमध्ये दामोदर नदीचा बांध फुटला. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते बाबासाहेब. पुराकडे त्यांनी दैवी कोप म्हणून पाहिलं नाही. जादा पाणी ही आपत्ती नसून संपत्ती आहे, ते साठवा आणि लोकांच्या कामी लावा, अशी मांडणी त्यांनी ८ नोव्हेंबर १९४५च्या कटक परिषदेत केली. त्यांच्या काळात आखणी झालेलं दामोदर खोरे महामंडळ १९४८ साली उभं राहिलं. म्हणजे पूर हा नियोजनाचा, पर्यायानं राज्यकर्त्यांच्या जबाबदारीचा प्रश्न आहे.

पुण्यानं हे भोगून पाहिलं. १२ जुलै १९६१ला अर्धवट बांधलेलं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. मुठेकाठच्या पेठांमधले मातीचे वाडे विरघळले. पुढं पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या. सरकारनं मनावर घेतलं, तर माणसं सुरक्षित जागी वसवता येतात याचा हा पुरावा. मग २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री त्याच पुण्यात आंबिल ओढ्याकाठच्या टांगेवाला कॉलनीत गरिबांचे जीव का गेले?

पूर एका रात्रीत ओसरतो. भिंतीत मुरलेली ओल महिनोन्महिने राहते. पोपडे सुटतात, धान्याला बुरशी येते, लेकरांचा खोकला हटत नाही. आणि भरपाई? आपत्ती निवारण निधीच्या २०२२ ते २०२६च्या निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये. झोपडीला ८ हजार. घराच्या भरपाईला अट एकच, बांधकाम अधिकृत हवं. गावकुसाबाहेर ढकललेल्यांनी गायरानात, ओढ्याकाठी घरं बांधली. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही कागदावर ती 'अतिक्रमण'. जातीनं जागा नाकारली, आता कागद भरपाई नाकारतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी पावसाळ्याआधीच कामाला लागावं. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये वस्तीतलं प्रत्येक घर नोंदलं आहे का, ते तपासा. नसेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या. पाणी शिरलं तर चिखल काढण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेसकट फोटो काढा. पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका. घर पडलं असताना 'अंशतः नुकसान' लिहिलं असेल तर तिथंच हरकत नोंदवा.

महाडला आपण पाण्याला हात लावण्याचा हक्क मिळवला. त्याच पाण्यापासून आपलं घर वाचवण्याचा हक्क अजून मिळवायचा आहे.

जय भीम!