क्षुरधारा व शाल्मलीफलक

क्षुर म्हणजे वस्तरा हें आपल्या देशांतील अति प्राचीन शस्त्र होय. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलांत (सूक्त ४, ऋचा १६) क्षुरास धार लावण्याचा दृष्टान्त आहे. परंतु त्या साधनाचें वर्णन तेथें नाहीं. तें सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील आठव्या अध्यायांत मिळतें. तेथें २० शस्त्रें सांगून छेदनशस्त्राची धार अर्ध्या केसाएवढी असावी असें म्हटलें आहे. निशानार्थ उडदाच्या वर्णाची गुळगुळीत शिला व धारासंस्थापनार्थ शाल्मलीचें, म्हणजे सांवरीचें, फलक सांगितलें आहे.

संस्थापन म्हणजे रक्षण असें मानल्यास हें फलक शस्त्राचें म्यान ठरतें. आम्हांस हा अर्थ ग्राह्य वाटत नाहीं. फलक म्हणजे सपाट फळी. शस्त्रें ठेवण्याच्या साधनास वाग्भटानें ‘कोश’ हा निराळा शब्द योजिला आहे, व तो कोश वस्त्राचा किंवा मऊ चामड्याचा सांगितला आहे.

दुसरें कारण प्रत्यक्ष प्रयोगाचें. वस्तरा निसतांना पाठ व धार हीं दोन्ही एकाच वेळीं दगडास टेकलीं पाहिजेत. पातें दगडाच्या रुंदीहून लांब असल्यास तें तिरपें ओढावें, म्हणजे मुळापासून टोंकापर्यंत सारखें घर्षण होतें. परतवितांना तें पाठीवर उलटावें, धारेवर नव्हे. दगड मध्यें खोलगट झाला असेल तर धारेचीं टोंकें झिजून मधला भाग बोथट राहतो. इतकें साधलें तरी दगडावरून उतरलेल्या धारेस बारीक दांते व पातळ पापुद्रा राहतो. मऊ पृष्ठावर, पाठ पुढें ठेवून, ओढल्यावांचून ती धार स्थिर होत नाहीं. न्हावी याकरितां चामड्याचा पट्टा वापरीत. सांवरीचें लांकूड मऊ असल्यानें त्याची फळीहि हें कार्य करूं शकते. सुश्रुतानें ‘खरधार’ हा शस्त्रदोष गणून केवळ हाडें कापण्याची करवत त्यांतून वगळली, याचेंहि मर्म येथें उकलतें. सबब, संस्थापन म्हणजे निसल्यानंतर धार बसविणें असाच अर्थ आम्ही घेतों.

संग्राहकांस एक विनंति. जुन्या धोकटींतील वस्तरा किंवा निसणा हातीं आल्यास तो घासून चकचकीत करूं नये. पाठीवरील झिजेची पट्टी सर्वत्र सारखी रुंद असेल तर निसणाराचा हात सम होता. एके ठिकाणीं रुंद असेल तर दाब तेथें पडला. पोथी जपणारांनीं ही झीजहि जपावी. ग्रंथांतील एका शब्दाचा निर्णय तिच्यावर अवलंबून असूं शकतो.